नैमित्तिकाचा रकाना

सरकारी लेखा शाखेत चौतीस वर्षे कारकुनी करून मी निवृत्त झालो. त्या प्रदीर्घ काळात सरकारचा एक पैसाही माझ्या हातून वावगा खर्च झाला नाही अशी माझी समजूत आहे; घरचा एक पैसाही माझ्या हातून खर्च झाला नाही ही मात्र निखळ वस्तुस्थिती आहे. कारण प्रथम पगाराचे पाकीट आणि पुढे बँकेचे पासबुक ज्या हातांत मी पहिल्या तारखेस ठेवीत आलो, ते हात हिशेब लिहिण्यात गुंतलेले मी कधी पाहिले नाहीत. निवृत्तीनंतर रिकामपण अंगावर येऊ लागले, वर्तमानपत्र जाहिरातींसकट वाचूनही सकाळचे साडेनऊच वाजू लागले, तेव्हा आपल्या हयातभराच्या विद्येचा घरास काही उपयोग करून द्यावा अशी दुर्बुद्धी मला सुचली. सबब 1 एप्रिल 2023 रोजी, म्हणजे सरकारी आर्थिक वर्षास आणि परस्परांच्या थट्टेस ज्या दिवशी एकदमच प्रारंभ होतो त्या मुहूर्तावर, मी अप्पा बळवंत चौकातून लाल कापडी बांधणीची दोनशे पानी वही आणली, तिच्यावर हळदकुंकू वाहिले, आणि पट्टीने चार रकाने आखले : जमा, नित्य खर्च, नैमित्तिक खर्च, शिल्लक.

नित्य आणि नैमित्तिक हे शब्द मी लेखासंहितेतून घेतले नव्हते. ते माझ्या आजोबांचे. संध्या हे नित्य कर्म, ते रोज करायचे. ग्रहणाचे स्नान हे नैमित्तिक, ग्रहण लागले तरच करायचे. अशी त्यांनी मला लहानपणी, थंड पाण्याचा तांब्या डोक्यावर ओतता ओतता, समजूत घालून दिली होती. त्याच धर्तीवर दूध, वाणसामान, वीज, गॅस, औषधे ही नित्य. आणि जो खर्च एकदा होऊन गेला की पुन्हा तोंड दाखवीत नाही तो नैमित्तिक, अशी व्याख्या मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिली व खाली सही केली. सही पाहून पत्नी जवळ आली. ती शास्त्र्यांच्या घरची मुलगी असल्याने कर्मकांडात तिचा अधिकार माझ्याहून मोठा आहे.

"आणि तिसरा रकाना?" तिने विचारले.

"तिसरा कोणता?"

"शास्त्रात नित्य, नैमित्तिक आणि काम्य अशी तीन कर्मं सांगितलीत. काम्य म्हणजे हौसेचं. ते कुठंय?"

"अगं, निवृत्तिवेतनात काम्य बसत नाही."

"नसू दे," ती शांतपणे म्हणाली, "नैमित्तिकात बसेल."

या वाक्याचा अर्थ मला कळावयास पुढे पुरते एक वर्ष लागले.

वास्तविक मला तो तत्क्षणी कळावयास हवा होता. कारण आमच्या कचेरीत याच जातीच्या खर्चासाठी, जुन्या दप्तरातून चालत आलेला, 'सादिलवार' असा एक भारदस्त शब्द होता. शाई, टाचण्या, केरसुण्या, पाण्याचा माठ, असा जो खर्च कोणत्याही थोर सदरात मावत नाही तो सादिलवार. (जिल्हा परिषदेच्या शाळांतील मास्तर खडू-डस्टरासाठी मिळणाऱ्या पैशाला अद्यापि सादिल म्हणतात.) मी नोकरीत रुजू झालो त्या वर्षी आमच्या साहेबांच्या खुर्चीचा मागचा डावा पाय मोडला, आणि त्याची दुरुस्ती 'एकवेळची बाब' असा शेरा होऊन सादिलवारात पडली. त्यानंतर सहा साहेब बदलले. परंतु तो पाय दर वर्षी मार्च महिन्यात, अखर्चित रक्कम परत जाण्याचे संकट ओढवले की, नेमाने मोडत राहिला, आणि दर वर्षी मी स्वतःच्या हाताने 'एकवेळची बाब' असे लिहीत राहिलो. चौतीस वर्षे ज्याने हे लिहिले त्याला पत्नीचे वाक्य कळू नये, यास केवळ निवृत्तीचा आनंदच कारण असला पाहिजे.

चार एप्रिलला मिक्सरची मोटार जळाली. मी लेखणी उचलून विचारले, "हे कुठं घालू?"

"नैमित्तिकात. मिक्सर काय रोज जळतो?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी 3,850 रुपये नैमित्तिकात घातले. अकरा तारखेस गिझरमधून पाणी गळू लागले. गिझरही रोज गळत नाही. मे महिन्यात माझ्या भाचीचे लग्न झाले, आणि मुलगी सुशील असल्याने ती पुन्हा लग्न करील असा संशय घेणेही पाप होते. जूनमध्ये सोसायटीने गच्चीची गळती थांबविण्यासाठी वर्गणी काढली. गेल्या खेपेस, म्हणजे 2019 साली, हीच वर्गणी काढताना सचिवांनी "आता दहा वर्षं बघायला नको" असे सांगितल्याचे मला स्पष्ट आठवत होते. ते मी सांगितलेही. सचिव म्हणाले, "काका, ती पूर्वेची बाजू होती." जुलैत माझ्या खालच्या दाढेवर टोपी बसवावी लागली. दात मला अठ्ठावीस आहेत, आणि त्यांपैकी प्रत्येक, स्वतःपुरता, एकदाच किडणार आहे.

मेच्या उत्तरार्धात मात्र एक अपूर्व घटना घडली. 19 मे रोजी दोन हजारांच्या नोटा चलनातून मागे घेण्याची घोषणा झाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या स्वयंपाकघरातील हरभऱ्याच्या डाळीच्या डब्यातून, तळाशी ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून, डाळीच्या पिठाने किंचित पिवळसर झालेल्या अशा चार नोटा बाहेर आल्या. आपल्या राज्यघटनेच्या 267व्या अनुच्छेदात अकल्पित खर्चासाठी आकस्मिकता निधीची तरतूद आहे, आणि केंद्राचा हा निधी 2021 साली पाचशे कोटींवरून एकदम तीस हजार कोटींवर नेण्यात आला, हे मला ठाऊक होते. मात्र तसाच एक निधी माझ्या घरात, मी रोज जेवतो त्या पाटापासून चार हातांवर, डाळीखाली नांदत आहे याची मला वार्ता नव्हती. म्हणजे, नसावयास हवी होती असे म्हणता येत नाही, कारण नोव्हेंबर 2016 मध्ये त्याच डब्यातून पाचशेच्या अकरा आणि हजाराच्या चार नोटा निघाल्या होत्या, आणि त्या वेळी ती म्हणाली होती, "जाऊ दे, असं काही पुन्हा होत नसतं." मी तिला तेव्हाच सांगितले होते की मोठ्या नोटा 1946 सालीही रद्द झाल्या होत्या आणि 1978 सालीही, त्यावर तिने "तेव्हा माझा डबा नव्हता" असे उत्तर देऊन इतिहासाचे ते प्रकरण मिटविले होते.

अशा रीतीने चार महिन्यांत नैमित्तिकाचा रकाना नित्याच्या रकान्याच्या दीडपट रुंद झाला. रक्कम अद्यापि कमी होती. परंतु नित्यात "दूध" या एका शब्दात जे काम भागे, त्यास नैमित्तिकात "भाचीच्या विवाहाप्रीत्यर्थ आहेर, जाण्या-येण्याचे भाडे, व हिने ऐनवेळी घेतलेली साडी (मूळ नेसावयाची साडी व्याह्यांच्या पंक्तीत आढळल्यामुळे)" इतका तपशील लागे.

अखेर मी दुसऱ्या मजल्यावरील चार्टर्ड अकौंटंटकडे गेलो. हा तरुण गृहस्थ मोठ्या कंपन्यांचे ताळेबंद तपासतो, आणि जिन्यात भेटला की मला 'काका' म्हणतो, यावरून तो सुस्वभावी असावा. त्याने वही उलटीसुलटी पाहिली आणि म्हणाला, "काका, हा प्रश्न तुमचा एकट्याचा नाही. सगळ्या जगाने यावर पन्नास वर्षं डोकं फोडलंय."

मला उगाच अभिमान वाटला.

त्याने सांगितले ते असे. कंपन्यांच्या नफातोटा पत्रकात या पाहुण्यांसाठी दोन पाट मांडलेले असतात : एक 'अपवादात्मक बाबी'चा आणि दुसरा 'असाधारण बाबी'चा. धंदा करता करताच जे घडते, परंतु एवढे मोठे घडते की वेगळे दाखविल्यावाचून वाचकाची दिशाभूल व्हावी, ते अपवादात्मक. कामगारांना स्वेच्छानिवृत्ती देणे, कारखाना विकणे, जुना दावा एकदाचा मिटणे वगैरे. आणि जे धंद्याच्या रोजच्या व्यवहाराहून अगदीच निराळे, वारंवार घडण्याची अपेक्षाच नाही, ते असाधारण. आपल्याकडील पाचव्या क्रमांकाच्या लेखामानकात याची उदाहरणे दोन : भूकंप आणि मालमत्तेची जप्ती.

"पण," तो बोट वर करून म्हणाला, "भूकंपसुद्धा सगळ्यांना असाधारण नाही. विमा कंपनीला भूकंपाचे दावे आले, तर तो तिचा रोजचा धंदाच."

"म्हणजे गिझर मला असाधारण, पण प्लंबरला नित्य."

"अगदी बरोबर. तुम्हाला काका, परीक्षेला बसवायला हवं होतं."

मग त्याने मला अमेरिकेतील लेखापालांनी 1973 साली केलेला नियम सांगितला. त्याप्रमाणे घटना असाधारण ठरण्यास ती स्वभावाने विलक्षण हवी आणि घडण्याने विरळाही हवी. दोहोंपैकी एकाने भागत नाही. यावर त्यांनी दाखले दिले आहेत, आणि त्यांतील एक ऐकताच मी खुर्चीवरून अर्धा उठलो. फ्लॉरिडा प्रांतातील एका बागाइतदाराची संत्री-मोसंबी हिवाने जळाली, तर ते नुकसान असाधारण काय? नाही! कारण त्या मुलखात दर तीन-चार वर्षांनी हीव पडतेच.

"दर तीन-चार वर्षांनी!" मी म्हणालो. "अहो, हा तर आमचा धोंड्याचा महिना!"

वाचकांस स्मरत असेल की 2023 साली अधिक श्रावण होता. 18 जुलै ते 16 ऑगस्ट. त्या महिन्यात आम्ही कन्येस व जावयास बोलाविले, तेहतीस अनारशांचे वाण, त्यावर चांदीचे निरांजन, जावयास कपडे, कन्येस साडी, असे सर्व यथासांग दिले. आणि जावईबापू स्वभावाने इतके संकोची की प्रत्येक वस्तू नको नको म्हणत त्यांनी गाडीच्या मागच्या बाजूस स्वतःच्या हाताने नीट रचली. हा सारा खर्च मी "अधिक मास, विरळा योग" असा शेरा मारून नैमित्तिकात घातला होता. परंतु अधिक मास सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी येतो. 2020 साली अधिक आश्विन होता, 2018 साली अधिक ज्येष्ठ. आणि प्रत्येक वेळी निरांजन नवे लागते, कारण आधीचे दिलेले असते. तात्पर्य, फ्लॉरिडाच्या मोसंबीस जो न्याय, तोच लावावयाचा, तर माझे जावई हे एक नित्य हीव ठरत होते.

"मग आता असाधारणात काय काय उरलं?" मी विचारले.

"काहीच नाही," तो म्हणाला. "तो रकानाच गेला." आणि त्याने सांगितले की सप्टेंबर 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवर विमाने आदळली, त्या भयंकर आपत्तीतील नुकसानासही अमेरिकेच्या लेखापालांनी हिशेबात 'असाधारण' हा शिक्का मारू दिला नाही; पुढे आंतरराष्ट्रीय मानकांनी तो शब्द काढून टाकला, अमेरिकेने 2015 साली काढला, आणि आपल्याकडील मोठ्या कंपन्यांस लागू असलेल्या नव्या मानकांतही त्यास मज्जाव आहे. जगात असाधारण असे काही घडतच नाही, असा निर्वाळा निदान हिशेबापुरता तरी मिळालेला आहे. मी घरी येऊन हे पत्नीस सांगितले. ती म्हणाली, "हे मी एकतीस वर्षं सांगत होते, पण ते तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर जाऊन कळलं."

अपवादात्मक बाबींचा पाट मात्र कायम आहे, आणि त्यावर कोण बसतो याचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे. माझ्या वडिलांनी घेऊन ठेवलेले एका कंपनीचे चाळीस भाग माझ्याकडे आहेत. तिचे नाव सांगून मी तिच्या आणि माझ्या अब्रूचे नुकसान करीत नाही. तिच्या अहवालात लागोपाठ तीन वर्षे कामगारांच्या स्वेच्छानिवृत्तीपायी झालेला खर्च 'अपवादात्मक' म्हणून नफ्याच्या खाली, एखाद्या वाममार्गी पुतण्यास ओसरीवर बसवावे तसा, वेगळा बसविलेला होता. वार्षिक सभा हल्ली घरबसल्या, पडद्यावर होते. मी नाव नोंदवून प्रश्न विचारला, प्रथम ध्वनिक्षेपक बंद असताना विचारला, तेव्हा तो फारच परखड झाला होता, असे घरच्यांचे मत आहे, दुसऱ्यांदा विचारला तो असा : "ही बाब पुन्हा पुन्हा येते, तर तिला अपवाद कसे म्हणावे?"

अध्यक्ष म्हणाले, "आपल्यासारखे जुने भागधारक हीच आमची शक्ती आहे. ही बाब या वर्षापुरतीच आहे."

"गेल्या वर्षीही आपण हेच म्हणाला होता."

"गेल्या वर्षीची बाब," अध्यक्ष अतिशय मृदू स्वरात म्हणाले, "गेल्या वर्षापुरतीच होती."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "किती समंजस गृहस्थ आहेत!"

सप्टेंबरात गणपती आले. मी तो खर्च नित्यात घालू लागलो, तोच वादास तोंड फुटले.

"गणपती दर वर्षी येतात," मी म्हणालो.

"पण यंदा उशिरा आलेत, एकोणीस तारखेला. आणि मखर नवं आहे."

"गेल्या वर्षीही मखर नवं होतं."

"ते गेल्या वर्षापुरतंच होतं," ती म्हणाली. आणि एका अखिल भारतीय कंपनीच्या संचालक मंडळाची भाषा माझ्या घरात कायमची रूढ झाली.

येथे मी सारा दोष पत्नीकडे ढकलीत आहे असा वाचकांचा ग्रह होईल, म्हणून एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्याच वर्षी मला सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा एक हप्ता मिळाला. हा पैसा एकदाच यावयाचा, आणि मागचे देणे म्हणून यावयाचा. जमेच्या बाजूस खरोखर नैमित्तिक असे जर काही असेल तर ते हेच. परंतु मी तो हप्ता, हात यत्किंचितही न थरथरता, निवृत्तिवेतनात मिळवून 'जमा' या एका आकड्यात लिहिला. माझी प्राप्ती वाढली अशी चार दिवस मनोमन भावना बाळगली. आणि त्या भरवशावर एक आरामखुर्ची घेतली, जिचे 7,800 रुपये मात्र मी नैमित्तिकात टाकले. आलेला पैसा आपल्या कर्तबगारीचा आणि गेलेला पैसा परिस्थितीचा, हे तत्त्व मला कोणत्याही अध्यक्षाने शिकवावे लागले नाही. शिवाय कंपन्या 'अपवादात्मक बाबींपूर्वीचा नफा' असा एक आकडा प्रथम मांडतात, तसा मीही मांडू लागलो. नैमित्तिकापूर्वीची शिल्लक! ती दरमहा नेमाने बारा हजार निघे. मुलीचा दूरध्वनी आला आणि तिने "बाबा, कसं काय भागतंय?" असे विचारले की मी तोच आकडा सांगे, आणि तेवढ्यापुरता, दूरध्वनी खाली ठेवीपर्यंत, तालेवार असे.

फेब्रुवारीत दूधवाल्याने एक दिवस जास्त लावला. मी हुज्जत घालणार, तोच तो म्हणाला, "साहेब, यंदा एकोणतीस आहेत." चार वर्षांतून एकदा. मी क्षणभर नैमित्तिकाकडे लेखणी नेली. परंतु मला फ्लॉरिडाचे संत्रे आठवले, आणि ते अर्धा लिटर दूध मी नित्यात लिहिले. संपूर्ण वर्षात माझ्या तत्त्वनिष्ठेचा तेवढा एकच विजय झाला.

31 मार्च 2024 रोजी मी वर्षाची तेरीज काढली. नित्य खर्च महिन्यागणिक चौतीस हजारांच्या आसपास, शेपाचशेच्या फरकाने, एखाद्या सुशील बैलाप्रमाणे चाललेला होता. नैमित्तिकात एकही महिना कोरा नव्हता. वस्तू दर खेपेस वेगळी. परंतु बेरीज अशी की, सरासरी मासिक 12,400 रुपये. नैमित्तिकापूर्वीची शिल्लक बारा हजार. म्हणजे दरमहा चारशेची, सालाकाठी 4,800 रुपयांची तूट. आणि तरीही घरात कोणाचे देणे नव्हते, पासबुकातील शिल्लक जागच्या जागी होती. लेखा शाखेत असे घडले असते तर चौकशी बसली असती.

"ही तूट भरून कशी निघाली?" मी विचारले.

तिने डाळीच्या डब्याकडे पाहिले.

"आणि डब्यात पैसे कुठून येतात?"

"वाणसामानातून. दरमहा थोडे थोडे वाचवते. तुम्हाला आकडा मी पुरता सांगते, आणि सामान थोडं कमी आणते."

"म्हणजे तो नित्याचा रकानाही..."

"तो रकाना चांगला आहे," ती समजुतीच्या स्वरात म्हणाली. "त्याला काही करू नका."

मी वही मिटावयास घेतली, ती मिटेना. नैमित्तिकाचा तपशील पानात न मावल्याने डिसेंबरपासून मी तिला कागदाचे जोड चिकटवीत आलो होतो, आणि आता ती दोरीने बांधलेल्या दशम्यांच्या गाठोड्यासारखी फुगली होती. नवी वही आणणे भाग होते. दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा बळवंत चौकात जाऊन मी तीनशे पानी वही आणली, हळदकुंकू वाहिले, रकाने आखले. या खेपेस नैमित्तिकाचा थोडा रुंद. मग पहिलीच नोंद करावयाची ती वहीचीच, रुपये 260. मी नित्याच्या रकान्यावर लेखणी टेकविली. वही दर वर्षी लागणार. पण एवढी जाड वही काय दर वर्षी लागते? ही दोन वर्षे सहज जाईल. शिवाय गेल्या खेपेस पाने कमी पडली, ती परिस्थितीच निराळी होती.

खांद्यावरून वाकून पत्नी पाहत होती. मी लेखणी उचलली, एक रकाना पलीकडे नेली, आणि सुवाच्य अक्षरांत लिहिले : "खतावणी, नग एक. केवळ या वर्षापुरती."

"सही राहिली," ती म्हणाली.